मजुरीचा हिशेब मांडणारा पोप

८ मे २०२५ रोजी रोममध्ये नव्या पोपची निवड झाली आणि त्यांनी चौदावा लिओ हे नाव घेतले. घरातले सगळे टीव्हीवर सेंट पीटरच्या चौकातली गर्दी पाहत होते. मला मात्र आठवली ती बँकेतली व्हाउचरे. पोपच्या नावाचा आणि व्हाउचरांचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी आधी तेराव्या लिओंची गोष्ट सांगायला हवी.

मी ख्रिस्ती नाही. पण नोकरीत असताना काही वर्षे पुण्यात नगर रस्त्याच्या बाजूच्या एका शाखेत होतो. तिथे पेपल सेमिनरीचे नाव रोज कानावर पडे. धर्मगुरू घडवणारी ही संस्था तेराव्या लिओंनी १८९३ मध्ये सिलोनमधल्या कँडी येथे सुरू केली आणि १९५५ मध्ये ती पुण्यात आली. भारतातल्या चर्चला भारतातलेच धर्मगुरू मिळावेत, ही त्यामागची कल्पना. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा त्या कुतूहलापोटी मी या माणसाविषयी वाचू लागलो.

त्यांचे मूळ नाव विन्चेन्झो जोआकिनो पेच्ची. जन्म २ मार्च १८१०, रोमच्या दक्षिणेला डोंगरातल्या कार्पिनेतो गावी, एका लहानशा सरदार घराण्यात. आई ते चौदा वर्षांचे असताना गेली. १८३७ च्या अखेरच्या दिवशी त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि लगेच नेमणूक झाली ती बेनेव्हेन्तोला, प्रशासक म्हणून. त्या काळी पोप हा मोठ्या मुलखाचा राजाही होता. बेनेव्हेन्तोत दरोडेखोर आणि चोरटा माल आणणाऱ्यांचे राज्य होते आणि त्यांना आसरा होता बड्या जमीनदारांचा. या किडकिडीत तरुणाने तो बंदोबस्त करून दाखवला.

पुढची नेमणूक पेरुजाची. तिथला एक किस्सा त्यांचे चरित्रकार सांगतात. एका भटारखान्यात पाव वजनात कमी भरतो, अशी तक्रार आली. साहेब स्वतः तराजूपाशी जाऊन उभे राहिले, कमी भरलेला सगळा पाव जप्त केला आणि गरिबांत वाटून टाकला. याच गावात त्यांनी शेतकरी आणि छोट्या व्यापाऱ्यांना कमी व्याजाने कर्ज मिळावे म्हणून बचत बँक काढली. हे वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. हा तर आपल्यातलाच माणूस निघाला!

१८४३ मध्ये ते पोपचे राजदूत म्हणून बेल्जियमला गेले. कोळशाच्या खाणी, आगगाड्या, कारखाने, असा यंत्रांवर चालणारा युरोप तिथे त्यांनी जवळून पाहिला. परतल्यावर मात्र बत्तीस वर्षे पेरुजाचे बिशप म्हणून काढली. दरम्यान १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि पोपचे हजार वर्षांहून जुने राज्य संपले. १८७८ मध्ये पेच्ची पोप झाले तेव्हा वय अडुसष्टच्या घरात, प्रकृती तोळामासा. फार दिवस टिकणार नाहीत, असाच अंदाज होता. ते टिकले पंचवीस वर्षे! या काळात व्हॅटिकनच्या बाहेर त्यांनी पाऊल टाकले नाही. हाती राज्य नाही, सैन्य नाही. उरला होता तो फक्त शब्द.

तो शब्द त्यांनी १५ मे १८९१ रोजी वापरला. ‘रेरुम नोव्हारुम’ हे त्यांचे परिपत्रक कामगारांच्या स्थितीविषयी होते. उशीरच झाला होता म्हणा. मार्क्स आणि एंगेल्सचा जाहीरनामा येऊन त्रेचाळीस वर्षे उलटली होती. लिओंना समाजवाद मान्य नव्हता, खाजगी मालमत्तेचा हक्क त्यांनी ठासून मांडला. बाईची खरी जागा घरातच, हेही त्यांचे मत. ते आज पटणार नाही. पण त्याच पत्रात कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, विश्रांतीचा दिवस त्यांना मिळालाच पाहिजे, लहान मुलांना कारखान्यात राबवू नये, हेही होते. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती १८९० मध्ये, म्हणजे त्याच सुमारास. हे पान आज तुम्ही ज्या निवांत सकाळी वाचता आहात, ती सकाळ अशी झगडून मिळालेली आहे.

त्या पत्रातला एक मुद्दा मात्र माझ्या जिव्हारी लागला. मजुरी दोघांनी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, असे लिओ सांगतात. नाइलाजाने, याहून वाईट होईल या भीतीने कामगार हो म्हणाला असेल, तर ती जबरदस्तीच आहे.

आमच्या शाखेत झाडलोट करणारा एक माणूस होता. रोजंदारीवर. व्हाउचरवर सही करायची, पैसे घ्यायचे. वर्षात त्याचे २४० दिवस भरू नयेत म्हणून मधे काही दिवस त्याला घरी बसवायचे, हे काम मॅनेजर म्हणून माझे. दिवस भरले तर तो कायदेशीर हक्क सांगेल ना! एका दिवाळीआधी त्याने रोज थोडा वाढवून मागितला. मी म्हणालो, परवडत नसेल तर सांग, दुसरा बघतो. तो काही बोलला नाही. त्याने पेन घेतले आणि सही केली. ऑडिटमध्ये ते व्हाउचर बिनचूक ठरले. बँकेत पावाचे वजन करायला कुणी येत नाही.

तेरावे लिओ २० जुलै १९०३ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. त्यांच्या पत्राची आठवण ठेवून पुढच्या पोपनी १९३१ आणि १९९१ मध्ये पत्रे लिहिली. आणि चौदाव्या लिओंनी नाव का घेतले हे सांगताना त्याच पत्राचा हवाला दिला. तेव्हा वाफेची यंत्रे होती, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, माणसाच्या कामाचा प्रश्न तोच आहे, असा त्यांचा रोख होता.

माझा प्रश्न त्याहून लहान आहे. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचे कंत्राट या महिन्यात संपते. सर्वांत स्वस्त एजन्सीच्या माणसांना बारा तासांची ड्यूटी आणि आठवड्याची सुट्टी नाही. माणसे तयार आहेत, मग आपले काय जाते, असे कमिटीत एकाने विचारले. ते वाक्य माझ्या ओळखीचे होते. पुढच्या मीटिंगला मी सुट्टीचा विषय मांडणार आहे. दर घरामागे महिन्याला थोडे पैसे वाढतील. शेजारी नाराज होतील. त्या दिवाळीचे व्हाउचर काही परत घेता येणार नाही, पण निदान याच्यावर तशीच सही करायला नको.