विश्लेषण : पक्षी दिसत नाही, फक्त ऐकू येतो, ओळखायचा कसा? सालिम अलींच्या पुस्तकापासून मोबाइलपर्यंत

उन्हाळा सरत आला की बदलापूरच्या बारवी धरणाकडच्या झाडीत पावशा ओरडू लागतो. दिसत मात्र नाही. अंबरनाथ, उल्हासनगरच्या सोसायट्यांतला कोकीळही बहुधा ऐकूच येतो. असे पक्षी ओळखायला कान तयार हवा. देशाला पक्षी ओळखायला शिकवणाऱ्या डॉ. सालिम अली यांच्या पुस्तकातही पेच हाच होता.

कोण होते सालिम अली?

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. आई-वडील लहानपणीच गेले. मामांनी खेतवाडीत वाढवलं. छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखता येईना, म्हणून हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती ओळखून दिली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. तिथं रंग, चोच, पंख सगळं होतं. आवाज नव्हता.

पुढं ते बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकले. १९३० मध्ये परतले तर म्युझियममधलं पदच रद्द झालेलं. मग अलिबागजवळच्या किहीममध्ये राहून त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. त्यानंच त्यांचं नाव झालं.

आवाज अक्षरांत कसा बसवणार?

१९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. रंग चित्रात मावला. आवाज शब्दांत सांगावा लागला. पण पावशाचीच ओरड इंग्रजी कानाला ब्रेन-फीव्हर वाटते, मराठी शेतकऱ्याला पेर्ते व्हा. आवाज आधी ऐकलेला असेल तरच शब्द जुळतात. नवख्याचं काय?

खरं तर पक्ष्याचं सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ चं, अलींच्या जन्माआधीचं. जर्मनीत जेमतेम आठ वर्षांच्या लुडविग कॉखनं ते मेणाच्या नळकांड्यावर केलं. पक्षी कोणता? पिंजऱ्यातला शामा, आपल्याकडचाच! पण पुस्तक पिशवीत मावायचं, यंत्र नाही.

मोबाइलनं काय बदललं?

२० जून १९८७ रोजी अलींचं निधन झालं. झेनो-कँटो हा पक्ष्यांच्या आवाजांचा मोफत संग्रह २००५ मध्ये सुरू झाला. आता मर्लिन अ‍ॅप तर आवाज ऐकून नावही सुचवतं, कधी चुकीचंही. त्यामुळे आधी पावशा, कोकीळ, तांबट, टिटवी असे चारच आवाज घरी पुन्हा पुन्हा ऐकावेत, मग बाहेर पडावं. रानात मात्र ते स्पीकरवर वाजवू नयेत. विणीच्या काळात पक्षी तो प्रतिस्पर्धी समजतो आणि घरटं सोडून त्याच्या मागे लागतो.