रणभूमीवरील शल्यविशारद

सोलापूर - मनगटाच्या हाडाचे तुकडे झाले, तरी आज धातूची पट्टी व स्क्रूच्या साह्याने ते पूर्ववत जुळविता येतात. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांनी मात्र अशा साधनांविना, युद्धभूमीवर शस्त्रक्रिया केल्या.

१० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात ते सहभागी झाले. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली; तरीही ते परतले नाहीत.

आघाडीवर पेनिसिलिन नव्हते. हाड मोडून जखम उघडी पडली, की जंतुसंसर्गाने अवयवच नव्हे, तर प्राणही जात. हा धोका शस्त्रक्रिया करणाऱ्यालाही होता. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या बोटाला शस्त्रक्रिया करताना जखम झाली आणि त्यातून रक्तात विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याच नावे असलेल्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांनी स्वीकारली.

त्याच वर्षी त्यांनी परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. पुढे पुत्रही झाला. अपस्माराचे झटके येत असतानाही शस्त्रक्रिया, अध्यापन व ग्रंथलेखन सुरूच होते. अखेर ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, या आजारानेच त्यांचा बळी घेतला. विद्यार्थ्यांसाठी लिहावयास घेतलेला शस्त्रक्रियेवरील ग्रंथ अपुरा राहिला.

सोलापुरातील त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे.