थेऊर फाटा

इंदापूरहून पुण्याला जाणारी एस.टी. थेऊर फाट्यावरून जाते. पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा मला फक्त अष्टविनायकातला चिंतामणी आठवला. माधवराव पेशव्यांनी प्राण सोडला तो त्याच देवळात, हे कॉलेजात आल्यावर इतिहासाच्या तासाला कळले. दिवस १८ नोव्हेंबर १७७२, कार्तिक वद्य अष्टमी. वय अवघे २७! रोग क्षयाचा.

पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा ते १६ वर्षांचे होते. पानिपतात भाऊ विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ गेले, पाठोपाठ जून १७६१ मध्ये वडील नानासाहेबही गेले. वारशात आले कर्ज आणि महत्त्वाकांक्षी काका. पेशव्यांचे कर्ज ही गोष्ट आपल्या बारामतीला अनोळखी नाही. कऱ्हेकाठच्या वाड्याचे धनी बाबूजी नाईक हे त्यांचे सावकार आणि सोयरेही; १७४० मध्ये नानासाहेबांच्या विरोधात ते स्वतः पेशवेपदाचे दावेदार होते.

राक्षसभुवनला निजामाचा पराभव (१७६३), हैदरावरच्या मोहिमा, १७७१ मध्ये पुन्हा दिल्ली, हे सारे परीक्षेला येतेच. मला मोठे वाटते ते १७६२ मधले आळेगाव. काका राघोबादादा निजामाची मदत घेऊन चालून आले, तेव्हा राज्य फुटू नये म्हणून हा १७ वर्षांचा पेशवा आपण होऊन काकांच्या छावणीत गेला. हार पत्करली, पण घर राखले. पुढे १७६८ मध्ये धोडपला त्याच काकांना कैद केले, तीही वेळ ओळखूनच.

ते आणखी वीस वर्षे जगते तर? इंग्रज आलेच नसते, असे मी म्हणणार नाही. बंगाल त्यांच्या हाती होता आणि १७७२ सालीच वॉरन हेस्टिंग्ज तिथे गव्हर्नर झाला होता. पण पुण्याचे दार त्यांना आतून उघडून मिळाले. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. माधवरावांच्या धाकात हे घडले असते, असे मला तरी वाटत नाही. पानिपताने माणसे नेली, ती अकरा वर्षांत पुन्हा उभी राहिली. थेऊरला गेला तो घर सांधणारा माणूस, आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहिला नाही.

मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या इच्छांची यादी लिहवून घेतली. तिच्यात कर्ज फेडावे असे कलम आहे.

सुट्टीत हे सारे मी वडिलांना सांगितले. ते शाळेची पायरी चढलेले नाहीत. राक्षसभुवन, दिल्ली ऐकताना बैलाला वैरण टाकणे चालू होते. कर्जाच्या कलमापाशी मात्र त्यांचा हात थांबला. आजोबा गेले आणि विहिरीचे कर्ज त्यांच्या अंगावर आले, तेव्हा तेही सोळाचेच होते.