शेतकऱ्यांचे कैवारी जोतीराव

इ. स. १८८८ च्या मार्च महिन्यात पुण्यात एक थाटाची मेजवानी झाली. इंग्लंडच्या राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट हे तिचे प्रमुख पाहुणे होते. भरजरी पोशाख केलेले, हिऱ्यामोत्यांचे अलंकार ल्यालेले सरदार आणि सावकार एकामागून एक येत होते. इतक्यात डोक्याला फाटके पागोटे, अंगावर घोंगडी, गुडघ्यापर्यंत धोतर आणि पायांत झिजलेल्या वहाणा अशा वेषातील साठीचे एक गृहस्थ दाराशी आले. पहारेकऱ्यांनी त्यांना अडविले. तेव्हा यजमान हरी रावजी चिपळूणकर स्वतः पुढे झाले व त्यांना मानाने आत घेऊन गेले. त्या गृहस्थांनी भर सभेत राजपुत्रास सांगितले की, येथील दागदागिने पाहून हिंदुस्थानची प्रजा सुखी आहे असे समजू नये. खरी प्रजा पाहावयाची असेल, तर खेड्यापाड्यांत जावे. हे धीट गृहस्थ म्हणजेच महात्मा जोतीराव फुले.

मुलींसाठी आणि दलितांसाठी शाळा काढणारे समाजसुधारक म्हणून जोतीरावांना सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु शेतकऱ्यांचा, रानावनांचा आणि मातीचा कैवार घेणारे जोतीराव तितकेच थोर होते.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुढे ते पुण्यास आले. पेशव्यांना फुले पुरविण्याचे काम या घराण्याकडे होते, म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीराव एक वर्षाचेही झाले नव्हते, तोच त्यांची आई चिमणाबाई वारली. सगुणाबाई नावाच्या मायाळू नातलग स्त्रीने त्यांचा सांभाळ केला. माळ्याच्या मुलाने शिकणे त्या काळच्या काही लोकांना रुचले नाही. त्यांच्या सांगण्यावरून वडील गोविंदराव यांनी जोतीरावांना शाळेतून काढले आणि मळ्याच्या कामास लावले. पुढे शेजारच्या दोन सुज्ञ गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली व १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले.

मळ्यातील ते दिवस मात्र वाया गेले नाहीत. पाण्याला वाट कशी काढून द्यावी, खत कोठे टाकावे, कोणत्या पिकाला कोणती जमीन मानवते, हे ज्ञान पुस्तकांवाचून पिढ्यान्पिढ्या चालत आलेले असते. ते जोतीरावांच्या हातांत उतरले. पुढे शिक्षणकार्याबरोबरच त्यांनी ठेकेदारी केली आणि पुण्याजवळ मांजरी येथे शेतीही केली. त्यामुळे नांगर धरणाऱ्याचे दुःख त्यांना ऐकीव नव्हते.

त्याच काळात इंग्रज सरकारने जंगलांविषयी कडक कायदे केले. १८६५ साली पहिला कायदा झाला आणि १८७८ च्या कायद्याने तर विस्तीर्ण जंगले सरकारच्या ताब्यात गेली. रेल्वेमार्गाचे स्लीपर, जहाजे आणि इमारती यांसाठी सरकारला लाकूड हवे होते. ज्या रानात गावकरी परंपरेने जात असत, तेथे पाऊल टाकणे आता गुन्हा ठरू लागले.

याचा परिणाम काय झाला, तो जोतीरावांनी जवळून पाहिला. पूर्वी ज्या कुटुंबाला आपल्या तुकडाभर शेतावर पोट भरणे शक्य होत नसे, ते जवळच्या डोंगराकडे वळे. उंबराची व जांभळाची फळे, पळसाची पाने, मोहाची फुले आणि वाळका लाकूडफाटा यांवर त्याची वेळ निभावे. गावाच्या गायरानात एकदोन गाई आणि चारदोन शेळ्या चरत. असे रान म्हणजे गरिबाची दुसरी शेतीच होती. त्यावरच निर्वाह असल्यामुळे कोणते झाड केव्हा फळते आणि कोणते गवत कोठे माजते, याची जाण लहान पोरांनाही असे. नव्या कायद्याने या लोकांना रानाबाहेर काढले. गायरानेही जंगलखात्यात जमा झाली. गुरांना चारा मिळेना. गुरे कमी झाली की शेणखत कमी होते आणि खत कमी झाले की पीक कमी होते. एका कायद्याने अशी दुःखाची साखळीच सुरू झाली.

हे सारे पाहून जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. लिहिता लिहिता त्यांनी तो पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला. ज्यांचे दुःख ग्रंथात आले होते, त्यांच्याच पुढे तो वाचला गेला, हे विशेष होय.

या ग्रंथात केवळ तक्रार नाही, उपायही आहेत. डोंगरावरील पाने, गवत, गुरांचे शेण आणि मेलेले किडेमुंगी कुजून त्यांचे उत्तम खत होते. पावसाचे पाणी हे सत्त्व घेऊन खाली येते. त्याला कोणी अडविले नाही, तर ते नदीनाल्यांतून वाहून जाते आणि शेते निकस होतात. म्हणून जोतीरावांनी असे सुचविले की, जागोजागी ताली आणि बंधारे घालावेत. पाणी आधी शेतात मुरावे आणि मग नाल्यास मिळावे. असे केल्याने माती टिकेल आणि उन्हाळ्यात विहिरींनाही पाणी राहील. या कामास सरकारने रिकाम्या बसलेल्या पलटणी लावाव्यात, असेही त्यांनी निर्भयपणे लिहिले. नद्यांतील व तळ्यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा, ही त्यांची आणखी एक मागणी होती.

जमिनीखालचे पाणी सांगणाऱ्या पाणाड्यांनाही त्यांनी काम सुचविले. गावोगावी त्यांच्याकडून झऱ्यांचा शोध करवावा, त्या जागांचे नकाशे तयार करावेत आणि जे शेतकरी स्वतःच्या कष्टाने विहिरी खोदतील त्यांना बक्षिसे द्यावीत, अशी त्यांची योजना होती. पाणाड्यांच्या कित्येक समजुती आजच्या शास्त्राला मान्य नाहीत, हे खरे. तरी गावच्या जाणत्या माणसाला विचारल्यावाचून गावची योजना आखू नये, हे त्यामागील तत्त्व आजही मोलाचे आहे.

जोतीराव जुन्याचे आंधळे अभिमानी नव्हते. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण मिळावे, गुरांची व मेंढ्यांची पैदास सुधारावी, शेतीची प्रदर्शने भरवावीत, असा त्यांचा आग्रह होता. गायराने गावांना परत करा, असे सांगताना तेथील लाकूड विकण्यासाठी तोडण्यास कायद्याने सक्त मनाई करा, हेही सांगण्यास ते विसरले नाहीत. गावाला हक्क हवा आणि हक्काबरोबर मर्यादाही हवी, ही त्यांची दृष्टी होती.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्यात मोठी सभा भरली आणि लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्यानंतर पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला. तरी त्यांनी डाव्या हाताने लेखन चालूच ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

जंगलाचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी तो आजच्या नवी मुंबईच्या शेजारी पेटून उठला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे आगरी, कोळी, कातकरी अशा हजारो लोकांनी जंगलचा कायदा मोडला. पोलिसांनी गोळीबार केला. नाग्या महादू कातकरी आणि त्यांचे सोबती असे आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. ज्या रानाने त्यांच्या जमातीला नाव दिले, त्या रानासाठी नाग्याने प्राण दिला. चिरनेरचे स्मारक आजही त्या दिवसाची साक्ष देत उभे आहे.

स्वतंत्र भारताने २००६ साली कायदा करून पिढ्यान्पिढ्या वनात राहणाऱ्या लोकांचे हक्क मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते गाव सर्वांच्या विचाराने आपले रान राखते व वापरते. तळ्यांतील आणि धरणांतील गाळ काढून शेतात नेण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१७ साली सुरू केली. जोतीरावांनी ही मागणी १८८३ सालीच केली होती.

पावसाळ्यात खारघरच्या डोंगरावरून लाल पाण्याचे लोट खाली धावतात, ते नवी मुंबईतील मुले दरवर्षी पाहतात. त्या पाण्याबरोबर डोंगराची माती जात असते. ती माती कोणाची, ती कोण अडविणार आणि डोंगरावरच्या वाड्यांतील माणसांना याविषयी काय ठाऊक आहे, असे प्रश्न ज्या मुलाच्या मनात उभे राहतील, त्याला जोतीरावांची खरी ओळख पटली असे म्हणावे.