संत कुरियाकोस एलिया चावरा : ख्रिस्ती घरांना पत्र लिहिणारे धर्मगुरू



आज झावळ्यांचा रविवार. मिस्सेनंतर हातातली झावळी आपण घरी नेऊ आणि दरवर्षीप्रमाणे क्रुसाच्या तसबिरीमागे खोचून ठेवू. पुढच्या रविवारी प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण. पवित्र सप्ताहात देवळात कोणते विधी किती वाजता आहेत, हे फलकावर लागलेले आहेच. पण त्याच दिवसांत आपल्या घरी काय होते? हे पान लिहायला घेतले तेव्हा हा प्रश्न आमच्या मनात होता.

आपल्यात अलीकडे लग्न झालेली, एक-दोन लहान मुले असलेली जोडपी पुष्कळ आहेत. कोणी कोळसा खाणीच्या कॉलनीत राहतात, कोणी वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये, कोणी बल्लारपूरला पेपर मिलच्या बाजूला. गडचिरोलीकडची काही कुटुंबे तर अशी आहेत की या दिवसांत पहाटेच मोहफुले वेचायला रानात जातात आणि ऊन चढल्यावर परततात. आजी-आजोबा दूर, कोणाचे केरळात, कोणाचे आंध्र-तेलंगणात, कोणाचे जंगलातल्या टोल्यावर. काही घरांत तर नवरा-बायको हीच ख्रिस्ती झालेली पहिली पिढी. अशा घरातल्या आया आम्हाला विचारतात, घरी सण करायचा म्हणजे नेमके काय करायचे? प्रार्थना कोणी सांगायची? आमच्या घरात वडीलधारे कोणी नाही.

म्हणून आज एका अशा माणसाचे चरित्र सांगतो, ज्याच्या घरातली वडीलधारी माणसे त्याच्या तरुणपणीच देवाघरी गेली आणि ज्याने पुढे शेकडो घरांना वडिलांसारखे पत्र लिहिले. त्यांची तसबीर आपल्या धर्मप्रांतात पुष्कळ ठिकाणी आहे. १९६२ साली चांद्याला सिरो-मलबार धर्मपीठाचे मिशन सुरू झाले, ते ज्या सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंच्या हाती सोपवले गेले, त्या संघाचे हे संस्थापक.

कुरियाकोस यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०५ रोजी केरळातील कैनकरी या गावी झाला. हे गाव कुट्टनाड भागातले. चारी बाजूंना पाणी आणि मध्ये धानाची शेती. आपल्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यातल्या माणसाला ती हिरवी बांधी ओळखीची वाटेल, फक्त तिथे शेतावर होडीने जातात. वडिलांचे नाव कुरियाकोस, आईचे मरियम. आठव्या दिवशी चेन्नमकरीच्या देवळात त्याचा स्नानसंस्कार झाला. आईने पुढे त्याला वेच्चूरच्या देवळात नेऊन पवित्र मरियेच्या पायाशी ठेवले.

पुढे त्यांनी 'आत्मानुतापम्' नावाचे मोठे काव्य लिहिले. त्यात त्यांनी आईची आठवण सांगितली आहे. रात्री सारे झोपल्यावर ही बाई उठून गुडघ्यांवर प्रार्थना करीत असे आणि लहानगा कुरियाकोस तिला बिलगून बसत असे. येशू, मरिया, योसेफ ही नावे त्याने तिच्याच मांडीवर ऐकली. याच काव्यात पुढे प्रभूच्या दुःखसहनाची आणि पुनरुत्थानाची कथा येते. पण आरंभ आईच्या मांडीपासून आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

पाचव्या वर्षी तो गावातल्या आसानकडे, म्हणजे पंतोजीकडे, शिकायला जाऊ लागला. तेरा वर्षांचा असताना, १८१८ साली, तो पळ्ळिप्पुरम येथील सेमिनरीत दाखल झाला. मल्पान थोमा पालक्कल हे तिथले गुरू.

आणि मग ते संकट आले. गावात साथ पसरली. त्यात वडील गेले, आई गेली आणि एकुलता एक भाऊही गेला. कुरियाकोस सेमिनरीत होता. नातेवाईक त्याला न्यायला आले. घराण्यात आता पुरुष म्हणून तूच उरलास, परत चल, लग्न कर, घर चालव, नाहीतर चावरा घराण्याचे दार बंद होईल, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे वाईट होते असे आम्हाला वाटत नाही. आपल्याकडेही अशा वेळी काका-मामा हेच म्हणतील. रिकाम्या घराकडे पाहून कोणाचे मन हलणार नाही? त्याने घराची जबाबदारी आपल्या बहिणीवर आणि तिच्या नवऱ्यावर सोपवली आणि तो सेमिनरीत परत गेला. २९ नोव्हेंबर १८२९ रोजी अर्तुंकल येथे त्याला गुरुदीक्षा मिळाली. पहिली मिस्सा त्याने चेन्नमकरीला अर्पण केली. ती पाहायला आईवडील नव्हते.

पुढची चाळीस वर्षे फार कामाची गेली. त्यातले सगळे इथे सांगत बसलो तर चार पाने लागतील. पालक्कल आणि पोरुकर या दोन ज्येष्ठ धर्मगुरूंबरोबर ११ मे १८३१ रोजी मान्नानम येथे त्यांनी मठाचा पाया घातला. भारतीय धर्मगुरूंचा पहिला संघ तिथून उभा राहिला. ते दोघे वारल्यावर सारा भार फादर चावरांवर आला आणि ८ डिसेंबर १८५५ रोजी त्यांनी दहा सोबत्यांसह व्रते घेतली. १८४६ मध्ये मान्नानमला संस्कृत शाळा सुरू झाली. ज्यांची सावलीही तेव्हा चालत नसे अशा पुलय जातीच्या मुलांनाही त्यांनी शिकायला घेतले. त्याच वर्षी छापखाना निघाला. छपाईचे यंत्र कसे असते ते त्यांनी त्रिवेंद्रमच्या सरकारी छापखान्यात पाहून घेतले, घरी येऊन केळीच्या खांबाचा नमुना करून सुताराला दाखवला आणि सुताराने लाकडाचे यंत्र घडवले. १८६१ मध्ये रोमच्या परवानगीवाचून आलेल्या रोकोस नावाच्या बिशपांमुळे केरळच्या चर्चमध्ये फूट पडली. तेव्हा फादर चावरांना व्हिकर जनरल नेमले गेले आणि बहुतेक देवळे त्यांनी पुन्हा जोडून घेतली. १८६६ साली इटालियन कार्मेली धर्मगुरू लिओपोल्द बेक्कारो यांच्यासह त्यांनी कूनम्मावू येथे धर्मभगिनींचा संघ सुरू केला.

या सगळ्यात एक काम विशेष सांगण्यासारखे आहे. १८६४ साली त्यांनी फर्मान काढले की प्रत्येक देवळाबरोबर शाळा हवी. पण गरिबाचे पोर उपाशीपोटी शाळेत बसणार कसे? म्हणून 'पिडियरी' आली. पिडियरी म्हणजे मूठभर तांदूळ. रोज भात शिजवण्यापूर्वी घरच्या बाईने मापलेल्या तांदळातून एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. आठवड्याचा साठा देवळात द्यायचा आणि त्यातून शाळेतल्या मुलांना दुपारचे जेवण मिळायचे. सरकारी खिचडीच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिचा खरा कारभार देवळात नव्हता, चुलीपाशी होता.

आता त्या पत्राकडे येतो.

१८६८ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या जन्मगावाला, कैनकरीच्या कुटुंबांना पत्र लिहिले. मल्याळम भाषेत त्याला 'चावरुळ' म्हणतात. मरणाऱ्या माणसाने मागे ठेवलेले शब्द, असा त्याचा अर्थ. एका चांगल्या बापाचे मृत्युपत्र, असेच त्याचे नाव पडले. जमीन नाही, पैसा नाही, मुलेबाळे नाहीत आणि मृत्युपत्र मात्र आहे! माझ्यामागे माझी दुसरी आठवण नको, हे पत्र जपा, त्याची नक्कल करून घ्या आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकत्र बसून वाचा, एवढीच त्यांची इच्छा.

पत्राचे दोन भाग आहेत. पहिल्यात घरासाठी २४ नियम, दुसऱ्यात मुलांच्या संगोपनाविषयी १६. चांगले ख्रिस्ती घर हे स्वर्गाचे चित्र आहे, इथून ते सुरुवात करतात आणि लगेच अगदी रोजच्या गोष्टींवर उतरतात. घरात एकमेकांना क्षमा करा. कोर्टकचेरीच्या वाटेला जाऊ नका. अगदी अडल्याशिवाय कर्ज काढू नका आणि काढलेले फेडून टाका. मजुराची मजुरी अडवू नका. भिकाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. ज्या दिवशी आपल्या हातून दुसऱ्याचे काही भले झाले नाही, तो दिवस आयुष्यात धरायचा नाही, असा त्यांचा हिशेब आहे. सणावारी आणि लग्नात उधळपट्टी करू नका, हे सांगताना ते पेंढ्याच्या जाळाचा दाखला देतात. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर तणस पेटली की भडका मोठा, पण घटकेत राख. लहानसा दिवा मात्र रात्रभर पुरतो. ईस्टरच्या खरेदीसाठी उसनवारी करणाऱ्यांनी (त्यात आम्हीही आलो) हे ऐकून ठेवायला हरकत नाही.

मुलांविषयीचा भाग आम्हाला अधिक आवडतो. मुले ही देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे. बोबडे बोलू लागताच त्यांना येशू, मरिया, योसेफ ही नावे शिकवा. वेळेवर शाळेत घाला, आणि घालून मोकळे होऊ नका. काय शिकतात, कोणाबरोबर फिरतात, ते पाहा. फार मारू नका, फार लाडही नको. त्यांच्यासमोर शिवीगाळ करू नका. मोठी झाल्यावर लग्न की धर्मसेवा, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. सून किंवा जावई पाहताना पैशापेक्षा स्वभाव पाहा. काही सूचना आजच्या माणसाला कडक वाटतील. घरी येणारी-जाणारी माणसे किती पारखून घ्यावी याविषयी ते फारच सावध आहेत, आणि आपल्या चाळी-कॉलनीच्या जगण्यात ते सगळे जमणार नाही.

पण एक नियम असा आहे, ज्यासाठी मोठे घर लागत नाही की आजोबाही लागत नाहीत. संध्याकाळची प्रार्थना ठरलेल्या वेळी, घरातल्या सर्वांनी मिळून करायची. पाहुणे आले तरी ती टाळायची नाही, उलट पाहुण्यांनाही बसवायचे. टीव्हीची मालिका आणि मोबाईल त्यांच्या काळी नव्हते, पण पाहुण्यांचे निमित्त तेव्हाही होतेच! सेकंड शिफ्टवाल्या घरांत ठरलेली वेळ कशी पाळायची, असे कोणी विचारील. आम्ही काही घरी पाहिले आहे, की बाप ड्युटीवर असेल तेव्हा आई प्रार्थना सांगते आणि आई रानात गेली असेल तेव्हा थोरली मुलगी.

आता गुरुवारविषयी. संत थोमाच्या परंपरेतल्या ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवारी रात्री 'पेसहा' करतात. आपल्यातल्या केरळी कुटुंबांना ते ठाऊक आहे, इतरांसाठी थोडे सांगतो. तांदळाचे पीठ आणि उडीद यांची न आंबवलेली भाकर वाफेवर करतात. तिच्यावर झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळीचा छोटा क्रूस ठेवतात. सोबत गूळ आणि नारळाचे दूध यांचे 'पाल' असते. देवळातून आल्यावर सारे घर एकत्र बसते. इजिप्तमधून सुटकेचा उतारा वाचतात, प्रार्थना होते, मग घरातला कर्ता भाकर मोडतो आणि मोठ्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाला देतो. ती दोन्ही हातांत घ्यायची. तांदूळ, उडीद, गूळ आपल्या प्रत्येक बाजारात मिळतात. नारळ महाग वाटला तर साधे दूध घ्या. मराठी, तेलुगू, गोंडी, ज्या भाषेत घर बोलते त्या भाषेत प्रार्थना करा. घरात सर्वात मोठा माणूस अठ्ठावीस वर्षांचा असेल, तर त्या रात्री तोच वडील. मग रविवारी पहाटे, रिकाम्या कबरीचा आनंद देवळातून घरी येईल तेव्हा, मुलांना त्या गुरुवारच्या भाकरीची आठवण असेल.

फादर चावरांची शेवटची वर्षे आजारपणात गेली. डोळ्यांनी नीट दिसेनासे झाले होते. ३ जानेवारी १८७१ रोजी कूनम्मावू येथे ते प्रभूकडे गेले. १८८९ मध्ये त्यांचे अवशेष मान्नानमला नेण्यात आले. ८ फेब्रुवारी १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोट्टायम येथे त्यांना धन्यवादित घोषित केले आणि २३ नोव्हेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये संतपद दिले. चावरा घराण्याचे दार बंद होईल म्हणून जे नातेवाईक घाबरले होते, त्यांना तेव्हा काय कल्पना असणार!

एक रीत सांगायची राहिली. ज्या घरात वर्षभरात कोणाचे निधन झाले असेल, त्या घरी पेसहाची भाकर करीत नाहीत. शेजारी ती घेऊन जातात आणि त्या घरच्यांबरोबर बसून प्रार्थना करतात. या वर्षी आपल्यातल्या काही घरांवर दुःखाचा प्रसंग आला, ती घरे आपल्याला माहीत आहेत. तेव्हा गुरुवारी पीठ थोडे जास्त भिजवा आणि आजची झावळी जपून ठेवा, तिचे दोन क्रूस करावे लागतील.