पेटीत न सापडणारा गंधार : अब्दुल करीम खाँ आणि २२ श्रुतींचा वाद

पेटी कितीही चांगली असली, तरी तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? शंभर वर्षांपूर्वी याच फरकावरून मोठा वाद रंगला. त्यात एका गायकाचा गळा पुरावा ठरला. ते गायक म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, आजच्या उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. बडोद्याच्या दरबारात गायल्यावर ते महाराष्ट्रात आले. १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. पुढे ते मिरजेत स्थायिक झाले. एकेक स्वर सावकाश लावणं आणि तंबोरा बारकाईनं जुळवणं ही त्यांची ओळख होती.

आता मूळ भानगड समजून घेऊ. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. अख्खं सप्तक १२०० सेंटचं धरलं, तर गंधार ४०० सेंटवर येतो. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याचं षड्जाशी प्रमाण ५:४ असतं. म्हणजे सुमारे ३८६ सेंट. फरक १४ सेंटचा, पण तयार कानाला तो खटकतो.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना प्राचीन ग्रंथांतल्या २२ श्रुती अशाच मोजून दाखवायच्या होत्या. त्यासाठी त्यांना अचूक सूर लावणारा गळा हवा होता. तो खाँसाहेबांकडे होता. ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमंट्स हेही या कामात उतरले आणि खास श्रुती हार्मोनियम तयार झाली.

१९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा वाद जाहीरपणे समोर आला. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांना ही मोजमापं मान्य नव्हती. प्रत्यक्ष गायनासाठी १२ स्वरांची चौकट पुरेशी आहे, असं त्यांचं मत होतं. शिवाय एक अडचण होतीच. दरबारीतला गंधार आंदोलित असतो. हलणाऱ्या स्वराला एका पट्टीत कसं बसवणार?

श्रुती हार्मोनियम मैफलीत रुजली नाही. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना त्रास होऊ लागला. ते सिंगापेरुमल कोइल स्टेशनवर उतरले. शेवटच्या क्षणी त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी गायले, असं सांगतात.

मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्याच मिरजेत तंबोरे आजही बनतात. ते जुळवताना आकडे बघावे लागत नाहीत. खर्ज नीट लागला की गंधार आपोआप बोलतो.