मृगातील तेजोमेघाचे निरीक्षक : कावसजी नायगमवाला

नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखात हिवाळ्यातील निरभ्र रात्री आकाश फार रमणीय दिसते. वस्तीतील दिव्यांपासून थोडे दूर जाऊन वर पाहिले, की मृग नक्षत्र चटकन ओळखता येते. चार कोपऱ्यांतील चार तारे म्हणजे मृगाचे चार पाय आणि पोटातील तीन ताऱ्यांची सरळ ओळ म्हणजे व्याधाने मारलेला बाण, असे आपल्याकडे मानतात. या बाणाच्या दक्षिणेस अंधूक ताऱ्यांची आणखी एक लहानशी ओळ आहे. तिचा मधला भाग टपोऱ्या ताऱ्यासारखा न दिसता पिंजलेल्या कापसासारखा धूसर दिसतो. हाच मृगातील सुप्रसिद्ध तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर असून त्याच्या पोटात आजही नवे तारे जन्म घेत आहेत.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातील एका प्राध्यापकांनी या तेजोमेघाकडे दुर्बीण रोखली आणि जे दिसले ते निर्भयपणे जगापुढे मांडले. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान व रसायन या विषयांचे अध्ययन करून १८७८ साली ते एम. ए. झाले. पुढे १८८२ साली त्याच कॉलेजात ते प्रायोगिक पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी कॉलेजास भेट दिली आणि प्रकाशाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारण्यासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनेही तितकीच रक्कम घातली. उपकरणे निवडण्यासाठी कावसजी १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथील ज्योतिर्विदांशी विचारविनिमय केल्यावर, केवळ प्रयोगशाळा न काढता ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करणारी वेधशाळाच उभारावी, असा त्यांचा निश्चय झाला.

पुढे कावसजींची पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये बदली झाली आणि त्या कॉलेजाच्या आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. या वेधशाळेची वीस इंच व्यासाचा आरसा असलेली दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

मुलांनो, लोलकातून सूर्यप्रकाश गेला म्हणजे त्याचे सात रंग वेगळे होतात, हे तुम्ही पाहिले असेल. रंगांच्या या पट्ट्यास वर्णपट म्हणतात. तापलेल्या विरळ वायूच्या वर्णपटात सलग रंग नसतात. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या तेजस्वी रेषा तेवढ्या दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. म्हणून दूरच्या वस्तूला हात न लावताही ती कशाची बनली आहे, हे तिच्या प्रकाशावरून सांगता येते. विल्यम हगिन्स या इंग्रज ज्योतिर्विदाने १८६४ साली एका तेजोमेघाच्या वर्णपटात अशा रेषा पाहिल्या आणि तो तेजोमेघ वायूचा बनलेला आहे, हे सिद्ध केले. त्यांतील सर्वांत ठळक हिरवी रेषा मात्र कोणत्याही परिचित द्रव्याशी जुळेना.

या रेषेवरून मोठा वाद माजला. नॉर्मन लॉकियर हे त्या काळचे नामांकित शास्त्रज्ञ होते. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे असून ती हिरवी रेषा उल्कांतील मॅग्नेशियममुळे उमटते, असे त्यांचे मत होते. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका कडेला स्पष्ट असतो आणि दुसऱ्या कडेला हळूहळू फिका होत जातो. तेव्हा लॉकियर यांचे म्हणणे खरे असेल, तर तेजोमेघाची रेषाही एका बाजूने पुसट दिसली पाहिजे. हगिन्स यांचा या मताला विरोध होता.

कावसजींनी पुण्याच्या आकाशात मृगातील तेजोमेघाचे वेध घेतले. निरनिराळ्या प्रकारे तपासून पाहिले, तरी ती रेषा दोन्ही कडांनी सारखीच रेखीव दिसली. लॉकियर यांची कीर्ती मोठी होती आणि कावसजी दूरच्या पुण्यातील एक अध्यापक होते. तथापि मोठ्या माणसाच्या मताला बाध येईल म्हणून त्यांनी आपले निरीक्षण झाकून ठेवले नाही. १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांचे निरीक्षण बरोबर होते. पुढे १९२७ साली आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्या रेषेचे कोडे उलगडले. अतिशय विरळ अशा वायूत, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूच्या अणूंपासून ती हिरवी रेषा निर्माण होते.

२२ जानेवारी १८९८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. लॉकियर विजयदुर्गास आले होते. कावसजींनी आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेतील लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच होती. सूर्य पूर्णपणे झाकला जाण्याचा काळ अवघा दोन मिनिटांचा होता. तेवढ्या वेळात चुकले, तर सारे श्रम वाया जाणार होते. त्या क्षणांत त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचे व वर्णपटाचे वेध घेतले आणि त्यांचा सविस्तर वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

१९१२ साली कावसजी सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबरच पुण्याची वेधशाळाही बंद करण्यात आली. तिची उपकरणे दक्षिणेस कोडाईकनालच्या वेधशाळेत पाठवली गेली. ज्या कार्यास त्यांनी आयुष्य वाहिले, ते पुण्यात पुढे चालवण्यास कोणी उरले नाही. १९३८ साली त्यांचे निधन झाले. परंतु त्यांची मोठी दुर्बीण वाया गेली नाही. भावनगर दुर्बीण या नावाने ती पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडली. १९८०च्या दशकात तर लडाखमधील आकाश वेधांसाठी कितपत योग्य आहे हे पाहण्यासाठी ती लेह येथे नेण्यात आली होती.

आज मोठ्या शहरांवर दिव्यांच्या उजेडाची झाक पसरलेली असते आणि तिच्यात अंधूक तेजोमेघ बुडून जातात. तरीही साध्या कॅमेऱ्याने मृगातील तेजोमेघ टिपता येतो. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा. पृथ्वी फिरत असल्यामुळे अधिक वेळ प्रकाश घेतल्यास ताऱ्यांच्या रेघा उमटतात; म्हणून प्रत्येक छायाचित्र थोड्या सेकंदांचेच घ्यावे लागते. अशी शेकडो छायाचित्रे घेऊन ती संगणकावर ताऱ्यावर तारा जुळवून एकत्र केली, की प्रत्येक चित्रातील वेडेवाकडे ठिपके परस्परांत विरून जातात. तेजोमेघाचा क्षीण प्रकाश मात्र प्रत्येक चित्रात त्याच जागी असल्यामुळे उठून दिसू लागतो. मग त्यावरून दिव्यांची झाक वजा करता येते. सुरगाण्यासारख्या ठिकाणी हे काम कितीतरी सोपे होते, कारण काळोख ही तेथील आकाशाची संपत्ती आहे.

साधने बदलली, तरी निरीक्षकाचा धर्म बदललेला नाही. डोळ्यांनी, दुर्बिणीने किंवा कॅमेऱ्याने जे दिसेल ते पुनःपुन्हा तपासावे आणि जसे दिसले तसेच सांगावे. कावसजी नायगमवाला यांनी हा धर्म जन्मभर पाळला, म्हणूनच भारतातील ज्योतिर्विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ आहे.